निसर्गवहीत ‘जणू’ कुठे लिहायचं?

प्रश्न असा आला आहे: “दोन वर्षं निसर्गनोंदींची वही नेमाने लिहितो आहे. तारीख, वेळ, हवा, पक्ष्यांची नावं, संख्या, सगळं असतं. कालची नोंद बघा: ‘स. ७.१०. ढगाळ. वारा नाही. बुलबुल २, खार १.’ पण मागची पानं उघडली की वाणसामानाची यादी वाचल्यासारखं होतं. कल्पनाशक्ती वापरून लिहा, असं सगळे सांगतात. पण कल्पना आली की नोंद खोटी होणार नाही का? शिवाय मी कवी वगैरे नाही. नेमकं काय करू?”

आधी तुमच्या भीतीबद्दल. ती रास्त आहे आणि ती घालवू नका. मी गेली बावीस वर्षं अशा वह्या भरते आहे आणि पहिल्या चार-पाच वर्षांतल्या वह्या आज माझ्याच्याने वाचवत नाहीत. त्यांना तुमच्या बरोब्बर उलटा रोग जडला आहे. पानोपानी सोनेरी किरणं, मखमली हिरवळ, डोलणारी फुलं. कुठलं फूल, पाकळ्या किती, देठ केवढा, याचा पत्ता नाही. हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांच्या पहिल्या थव्यावर मी एकदा दीड पान लिहिलं होतं. पुढे एका अभ्यासकाने विचारलं, त्या वर्षी ते नेमके कधी उतरले? वही काढली, तर पानावर तारीखच नाही. संध्याकाळ मात्र फार सुंदर होती म्हणे. त्यापेक्षा तुमची यादी शंभर पटीने बरी.

माझं म्हणणं एवढंच आहे की कल्पनेला नोंदीवर चढवायचा साज समजू नका. ती बघण्याचं अवजार आहे, भिंगासारखं. तिची परीक्षाही सोपी आहे. एखादं कल्पनेचं वाक्य लिहिल्यावर तुम्ही पुन्हा वाकून त्या वस्तूकडे बघितलंत, तर ते वाक्य ठेवा. लिहून झालं आणि स्वतःवर खूश होऊन वही मिटलीत, तर ते बहुधा कुठून तरी उसनं आलेलं आहे.

करूनच दाखवते. जमिनीवर पडलेलं एक पीस उचला आणि ‘…सारखं’ने संपणारी दहा वाक्यं लिहा. माझी जुनी वही समोर आहे, तिच्यातली देते. पहिलं, कापसासारखं हलकं. दुसरं, मखमलीसारखं मऊ. तिसरं, शाई-दौतीतल्या टाकासारखं. ही तिन्ही लिहिताना मी पिसाकडे पाहिलंच नव्हतं, ती डोक्यात तयार होती. चौथ्याला अडकले तेव्हा कुठे पीस उलटंपालटं केलं. ‘कंगव्यासारखं.’ कंगवा म्हटल्यावर दाते सुटे असायला हवेत, पण हे एकमेकांना धरून होते. ‘चाळणीसारखं?’ उजेडासमोर धरलं, आरपार काही दिसेना, म्हणून खोडलं. ‘वाऱ्याने फाटलेल्या केळीच्या पानासारखं.’ कारण एका जागी फट पडली होती आणि ती शिरेला धरून सरळ रेषेत गेली होती. ती फट चिमटीत धरून अलगद टोकाकडे ओढली, तर मिटली. मिटली म्हणजे दिसेनाशीच झाली. म्हणून पुढचं वाक्य आलं, ‘दप्तराच्या चेनसारखं.’

हे लिहिलं आणि हात थांबला. चेनला दात असतात, तर इथेही काही तरी अडकवणारं असणार. साध्या भिंगातून काही कळलं नाही. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला मिळालं. पिसाच्या प्रत्येक तंतूला दोन्ही बाजूंना आणखी बारीक तंतू असतात, त्यांतल्या एका बाजूच्यांना सूक्ष्म आकडे असतात आणि ते शेजारच्या तंतूत अडकतात. पक्षी चोचीने पिसं साफ करत बसतो तेव्हा इतर कामांबरोबर ही चेनही लावत असतो. पिसाच्या बुडाशी मात्र हे आकडे नसतात, म्हणून तिथे ते विस्कटलेलं, भुरभुरीत. म्हणजे माझी पहिली उपमा अगदीच खोटी नव्हती. फक्त ती बुडाच्या दोन बोटं भागाला लागू होती आणि मी ती अख्ख्या पिसाला चिकटवली होती. नववं वाक्य ‘होडीच्या शिडासारखं’ असं आहे, कारण मधली काडी मधोमध नव्हती, एक बाजू अरुंद, दुसरी रुंद. उडण्याच्या कामाच्या पिसांत हे दिसतं, अरुंद बाजू वाऱ्याला सामोरी असते. तेव्हा हे पीस पोटावरचं नव्हे, पंखाचं असावं. दहावं सुचलं नाही. नऊच आहेत.

निसर्गवहीच्या जगात जॉन म्यूर लॉज या अमेरिकी निसर्गचित्रकाराने रुळवलेली एक त्रिसूत्री बरेच जण वापरतात: मला काय दिसतंय, मला काय प्रश्न पडतोय, मला कशाची आठवण होतेय. पहिल्या दोन पायऱ्या सगळे करतात. तिसरी पोरकट वाटते म्हणून गाळतात. पण जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनिअरने १९४१ साली कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, त्यांचे आकडे पाहिले आणि त्यातून वेल्क्रोची पट्टी निघाली. हीदेखील तिसरीच पायरी.

आता नोंद खोटी होण्याचा मुद्दा. मराठीत लिहिणाऱ्याला इथे आयती सोय आहे, आपण ती वापरत नाही एवढंच. ‘खार घाबरली.’ ‘खार घाबरल्यासारखी वाटली.’ ‘खार घाबरली असावी.’ ही तीन वेगळी विधानं आहेत. पहिल्यात मी खारीच्या मनात शिरून आले आहे. दुसरं खरं तर माझ्याबद्दल आहे. तिसरं अनुमान आहे आणि ते अनुमान असल्याचं क्रियापदच सांगतं. आणि चौथं, जे मी प्रत्यक्ष पाहिलं: ‘खार खोडावर डोकं खाली करून थिजली, शेपटी तीनदा उडवली, मग वर पळाली.’ वहीत चौथं आधी लिहा. त्यानंतर बाकीची हवी तितकी लिहा.

शाळेत मार्कांसाठी पाठ केलेले अलंकारही इथे कामाला येतात. उपमेत ‘सारखं’ असतं, म्हणजे दोन वस्तू एकमेकींपासून हातभर लांब उभ्या असतात. उत्प्रेक्षेत ‘जणू’ येतं, त्या अगदी जवळ येतात, पण मधलं कुंपण शाबूत असतं. रूपकात कुंपणच जातं. रूपक वाईट नव्हे, पण नोंदीत ते घात करतं. ‘फांदीवरून हिरवा साप लोंबत होता’ असं झोकात लिहून ठेवलेलं सहा महिन्यांनी वाचलं, तर तो वेल होता की खरंच साप, हे मला तरी सांगता आलं नाही. (अपन्हुती निसर्गाने स्वतःकडे ठेवली आहे. ही काडी नव्हे, किडा आहे, असं पुराव्यासकट तोच दाखवतो.)

थोरामोठ्यांच्या वह्यांत हे कुंपण कसं दिसतं, त्याची मला आवडणारी दोन उदाहरणं. डार्विनने १८३७ साली एका वहीत फांद्या फुटत जाणाऱ्या झाडाचं वेडंवाकडं रेखाटन केलं, जातींतून जाती कशा निघाल्या असतील ते दाखवणारं. त्या पानाच्या माथ्यावर शब्द दोनच आहेत, ‘मला वाटतं’. उत्क्रांतीवरचं त्याचं पुस्तक यायला १८५९ उजाडलं. बावीस वर्षं ती कल्पना वहीत राहिली, पण पहिल्या दिवसापासून तिच्यावर ‘जणू’ची चिठ्ठी होती. दुसरा अमेरिकी लेखक थोरो. त्याच्या रोजनिशीत रूपकांची रेलचेल आहे. पण त्याच माणसाने १८५०च्या दशकात शेकडो वनस्पतींना पहिलं फूल कोणत्या तारखेला आलं ते टिपून ठेवलं होतं. आज फुलं पूर्वीपेक्षा लवकर येतात का, हे तपासायला एकविसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांनी त्याच तारखा वापरल्या. माणूस तोच, दोन्ही कामं वेगवेगळी ठेवली की एकमेकांच्या पायात येत नाहीत.

मला खरी भीती नव्या कल्पनांची वाटत नाही, जुन्या उसन्यांची वाटते. त्या इतक्या मुरलेल्या असतात की कल्पना आहेत हेच कळत नाही. ‘कोकिळा गाते’ हे आपण डोळे मिटून लिहितो. चढत जाणारी ती कुहूकुहू काळ्या नराची असते. ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी ओरडते तो आवाज कर्कश, किक् किक् किक् असा, आणि त्यावर कोणी कविता केल्याचं माझ्या कानावर नाही. ‘सुगरण’ या शब्दातच घरटं विणणारी बाई बसली आहे. विणतो मात्र नर. सलीम अली यांनी १९३० साली या पक्ष्याचं घरटं बांधणं बारकाईने पाहिलं. नर घरटं अर्धवट विणून ठेवतो, माद्या येऊन पाहणी करतात, एखादीला पसंत पडलं की ते पुरं होतं आणि नर दुसरं विणायला घेतो. आता ‘जोडपं आनंदाने घर बांधत होतं’ हे वाक्य लिहून बघा. चकोर चांदणं पितो आणि चातक फक्त पावसाचा थेंब झेलतो, हेही त्याच घराण्यातलं. चातक सुरवंट खातो. मी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर अशा उसन्या कल्पनांची यादीच ठेवते. ती दर वर्षी वाढते.

दुसऱ्याच्या जागी बसून लिहिणं हा प्रकार मला सगळ्यात आवडतो आणि त्यातच मी सगळ्यात जास्त फसले आहे. कोरड्या, भुसभुशीत मातीत, पाऊस लागणार नाही अशा आडोशाला, नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसतात. तळाशी एक अळी (इंग्रजीत ‘अँटलायन’) दडून बसलेली असते, जेमतेम जबडे बाहेर. किडामुंगी घसरली की ती धरते. तिच्या तोंडून लिहिलेलं माझं पहिलं पान असं सुरू होत होतं: ‘मी दबा धरून बसले आहे. माझी क्रूर नजर काठावर खिळली आहे. ये मुंगीबाई, ये.’ एका शिबिरात वाचून दाखवलं, टाळ्याही पडल्या. मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, “पण तिला काठ दिसतो का?”

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी खड्ड्यापाशी तासभर पालथी पडून राहिले. गवताची काडी काठावर नुसती हलवली, काही नाही. काडीने दोन कण आत ढकलले, तर तळातून माती उडाली. पुन्हा दोन कण, पुन्हा माती, डोक्याच्या झटक्याने, भराभर. मग उताराकडे लक्ष गेलं. कोरडी माती ज्या उतारावर जेमतेम टिकते, त्याच उतारावर खड्डा राखलेला असतो. खालून माती उडवली की भिंत ढासळते आणि वर चढू पाहणारी मुंगी तिच्यासकट खाली येते. बाकीचं वाचून कळलं. शिकारीचा सुगावा तिला मुख्यतः मातीतून येणाऱ्या हादऱ्यांनी लागतो. ती मागे मागेच सरकते आणि खड्डाही उलट्या पावली गोल गोल फिरत खणते. तिच्या आतड्याला बाहेर जायची वाटच नसते, पंख फुटेपर्यंत सगळी घाण पोटातच साठते. आणि पंख फुटल्यावर ती टाचणी-चतुरांच्या वळणाची नाजूक दिसते. यातलं काहीही मला कल्पनेने सुचलं नसतं. पण त्या मुलीचा प्रश्न कल्पनेच्या पानामुळेच आला.

दुसरं पान मग असं झालं:

‘अंधार. चहूकडून माती अंगाला लागलेली. काल काही पडलं नाही. परवा पडलं नाही. डोक्यावर एक कण. वारा असेल. दुसरा कण. तिसरा, चौथा, एकाच बाजूने. उडव. उडव. उडव.’

यात मुंगीचं नाव नाही, कारण अळीला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. याकोब फोन युक्स्क्यूल या जीवशास्त्रज्ञाने गोचिडीचं असंच उदाहरण दिलं होतं. तिच्या जगात मोजून तीन गोष्टी असतात: सस्तन प्राण्याच्या कातडीतून येणारा ब्युटिरिक आम्लाचा वास, अंगाची ऊब आणि केस नसलेली जागा. बाकीचं सगळं रान तिच्या लेखी नाहीच. म्हणून कोणाच्याही जागी बसण्याआधी त्याला काय जाणवतं याची यादी करा आणि उरलेलं खोडून टाका. मधमाशीच्या तोंडी ‘लालबुंद फूल’ घालू नका. तिला लाल दिसत नाही, अतिनील दिसतं. हे खोडणंच खरं सर्जनशील काम आहे, विशेषणं जोडणं सोपं असतं.

गोष्ट रचायची असेल तर आधी पंचनामा. पायवाटेवर कबुतराची पिसं विखुरलेली दिसली. किती, केवढ्या जागेत, रक्त आहे का, पिसांचे देठ कसे आहेत, एवढं आधी लिहायचं. मग तीन गोष्टी लिहायच्या, तिन्ही वेगवेगळ्या: शिकारी पक्ष्याने पकडलं, मांजराने पकडलं, किंवा ते आधीच मेलं होतं आणि कोणी तरी नंतर ओढलं. लिहिताना रंग भरा, हरकत नाही. प्रत्येकीखाली मात्र एक ओळ: ही गोष्ट खरी असेल तर इथे काय सापडायला हवं? शिकारी पक्षी पिसं उपटतो, म्हणून देठ सहसा अखंड असतात. सस्तन प्राणी चावून तोडतो, देठ कुरतडलेले, तुटलेले मिळतात. मग पुन्हा जाऊन देठ बघा. मला हा खेळ गुप्तहेरकथेपेक्षा जास्त चढतो. आणि बऱ्याचदा तिन्ही गोष्टी तशाच राहतात, निकाल लागत नाही. लागू द्यायचा नाही उगाच.

आवाजाला आपण फार स्वस्तात सोडतो. किलबिल, सळसळ, खळखळ, झालं. वाळलेल्या पानांची सळसळ आणि ओल्या पानांची एकच असते का? वहीत नवे शब्द बनवा, व्याकरणाची भीती नको. पावशाच्या ओरडण्यात मराठी कानाला ‘पेर्ते व्हा’ ऐकू आलं, हिंदीला ‘पी कहाँ’, इंग्रजांना मेंदूज्वराचं नाव, ‘ब्रेन फीव्हर’. पक्षी तोच. तिन्हींत तीन ठोक्यांची लय आणि चढत जाणारा सूर पकडला गेला आहे, म्हणून ती नोंद पिढ्यान्‌पिढ्या टिकली. अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट या निसर्गनिरीक्षकाने इंग्लंडमध्ये दिसायला जवळजवळ सारखे असलेले तीन चिमुकले पक्षी वेगळे ओळखले, ते मुख्यतः त्यांच्या गाण्यांवरून. ध्वनिमुद्रण नव्हतं, जे काही होतं ते कान आणि शब्द.

कवी नसण्याबद्दल: हरकत नाही. पण एखादी नोंद ओवीत बसवून बघा. साडेतीन चरणांत फार थोडं मावतं, म्हणून काय ठेवायचं ते ठरवावं लागतं. त्या अळीवरची माझी ही:

वाळूत खड्डा खणून
मागे मागे सरकून
बसला अंग दडून
मुंगीसाठी

जमल्यासारखी वाटली. मग लक्षात आलं की शेवटचा शब्द खोटा आहे. त्या खड्ड्यात जो पडेल तो चालतो, ‘मुंगीसाठी’ हे माझ्या मनचं. अजून बदली शब्द सापडलेला नाही, म्हणून बाजूला फुली मारून ठेवली आहे. आणि यमकाच्या नादात माती होती तिची वाळू झाली आणि अळीचा ‘तो’ झाला, तेही आत्ता टाइप करताना दिसलं.

वहीची मांडणी हा मामुली भाग. तारीख, वेळ, जागा, हवा आधी, त्याशिवाय पेन पुढे सरकवायचं नाही. पाहिलेलं पेन्सिलीने, कल्पनेतलं निळ्या शाईने, असं मी करते. कोणी पान उभं दुमडून दोन भाग करतात. काहीही चालेल, फक्त नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, दहा वर्षांनी तुम्हीच विसरणार आहात. पेन्सिलीतलं नंतर घरी सुधारू नका. निळं हवं तितकं खोडा.

आता तुमची कालची नोंद. ‘स. ७.१०. ढगाळ. वारा नाही. बुलबुल २, खार १.’ ती आहे तशी राहू द्या, तिच्याखाली दोन बोटं जागा सोडा. बुलबुल दोन होते, तर आधी कोणता आला? दुसरा त्याच फांदीवर बसला की शेजारच्या? वारा नव्हता म्हणता, मग पानं हलली असतील ती कोणी हलवली? खार तेव्हा कुठे होती, आणि तिला ते दोघं आवाजाने कळले असतील, की फांदीच्या हादऱ्याने? यातलं काही आठवत नसेल तर त्या जागेत काही भरू नका. उद्या सातला पुन्हा तिथेच जा, खारीच्या उंचीवर डोळे नेता आले तर बघा, म्हणजे बहुधा बसावं लागेल, आणि निळं पेन खिशातच असू द्या.